पाचवी सीट भरल्याशिवाय

सभेच्या अध्यक्ष सेन्योरा मारित्सा उर्दानेता, त्यांच्या शेजारी बसलेले आपल्या चर्चचे फादर ओविदियो, आजचा सत्कारमूर्ती आणि आपल्या शेअर-टॅक्सी लाइनचा शेवटचा ड्रायव्हर अदेल्मो फिनोल, समोर बसलेल्या सांता क्लारा वस्तीतल्या बंधूंनो, भगिनींनो, आणि दाराशी घुटमळणाऱ्या मंडळींनो... तुम्ही आत या बघू. बाक रिकामे आहेत. दारात उभे राहिलात तर होता नव्हता तो वारा अडतो, आणि इथे बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणाला भोवळ आली तर उचलून न्यायला उद्यापासून गाडी नाही.

आधी उशिराबद्दल माफी मागतो. मी घरून वेळेवर निघालो होतो. कोपऱ्यापर्यंत आलो आणि वाटलं, गॅस बंद केला का? परत गेलो. बंद होता. सिलिंडरमध्ये गॅसच नव्हता. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

त्याहून मोठा उशीर आपल्या सगळ्यांचा आहे. आपल्या वस्तीतून माणसं जायला लागली त्याला कितीतरी वर्षं झाली. एकालाही आपण असं हॉलमध्ये बसवून, केक कापून, चार शब्द बोलून निरोप दिला का? सकाळी दारासमोर बॅग दिसायची आणि दुपारी दाराला कुलूप. आज पहिल्यांदा निरोप समारंभ करतो आहोत, तो ज्याने त्या सगळ्यांना बस-अड्ड्यावर नेऊन सोडलं त्या माणसाचा. म्हणजे सगळे गेल्यावर.

वीज गेली आहे, ती येईल म्हणून कुणी वर बघू नका. माइकची मला गरज नाही. सांता क्लारा लाइनच्या स्टँडवर मी हाक देणारा. उभा जन्म एकाच वाक्यात गेला: "बाजार, बाजार! एकच सीट! बसा, निघाली!" चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला भाषणाला उभं केलंत ते दुसरं कुणी उरलं नाही म्हणून. खरं तर हे काम मास्तर रिक्सियोंचं. लग्न असो, मयत असो, शाळेच्या भिंतीला रंग दिलेला असो, मास्तर उभे राहायचे, बाह्या सारख्या करायचे आणि बोलायचे. बायका रडायच्या. मीही रडायचो, निम्मं कळत नसूनही.

मास्तर आता कुठे आहेत? बोगोटात. भाषणंच करतात. रोज करतात. लाल लांबलचक बसमध्ये चढतात आणि म्हणतात, "सन्माननीय प्रवाशांनो, आपल्या प्रवासात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमा मागतो." मग वही-पेन्सिलीच्या काळापासूनचा आपला परिचय देतात, आणि शेवटी प्रत्येकाच्या मांडीवर एकेक चॉकलेट ठेवत जातात. ज्याला हवं त्याने पैसे द्यावेत, नको त्याने चॉकलेट परत. त्यांनी मला आवाजी निरोप पाठवला होता. माझी मुलगी दियानोरा तिच्या फोनवर लावून देते, मला तो फोन उघडता येत नाही. म्हणाले, "एउदो, इथे कार्ड टेकवल्याशिवाय बसच्या जवळ जाता येत नाही. कार्डात पैसे नसले की लोखंडी फाटक पोटात बसतं. मी एकदाच पैसे देऊन आत जातो आणि दिवसभर बाहेर पडत नाही. एका भाड्यात अख्खं शहर. स्वस्त आहे की नाही?" आणि हसले. मी दियानोराला म्हटलं, परत लाव. परत लावलं. दुसऱ्या वेळेला ते हसणं मला हसण्यासारखं वाटलं नाही.

"आणि श्रोते कसे आहेत, मास्तर?" असं मी विचारलं होतं. तर म्हणाले, "श्रोते उत्तम. कुणी मध्ये बोलत नाही. कुणी वरही बघत नाही."

असो. फादर ओविदियो, तुम्ही डोंगराकडचे, माराकाइबोत नवे, म्हणून तुमच्यासाठी सांगतो. बाकीच्यांनी कंटाळू नये. आपल्याकडची गाडी सीटवर चालते. पाच माणसं बसली की निघते. पुढे ड्रायव्हरशेजारी दोन, मागे तीन. चार बसले तर निघत नाही. राष्ट्राध्यक्ष बसले तरी निघत नाही. उन्हात पत्रा तापलेला, आत चार माणसं घामाने चिंब, आणि मी बाहेर ओरडतो आहे: एकच सीट. आतले मला शिव्या देतात. पाचवा दिसला की सगळे त्याच्यावर असे खूश होतात, जसा काही लांबचा भाचा भेटला. तो "शुभ सकाळ" म्हणतो, चौघं "शुभ सकाळ" म्हणतात, दार आपटतं आणि गाडी निघते. भाडं मागून पुढे खांद्याखांद्यावरून जातं आणि सुटे तसेच परत येतात. यात कधी कुणाचा पैसा गहाळ झाला असं मी ऐकलं नाही.

आमची सकाळची पहिली गाडी ठरलेली होती. ड्रायव्हर हा अदेल्मो. मास्तर रिक्सियो, नर्स नेइरा, शिंपी एबेर्तो, मक्याच्या पिठाच्या मांदोका तळून विकणाऱ्या सेन्योरा लुसिंदा, आणि पाचवी सीट ज्याच्या नशिबात असेल त्याची. त्या गाडीत काय बोलणं चालायचं! लुसिंदाबाईंच्या टोपलीतून गरम मांदोकांचा वास यायचा आणि नेइरा म्हणायची, "बाई, टोपली मांडीवर घेऊन बसलाय खऱ्या, पण वास आमच्या पोटात चाललाय. त्याचं भाडं तुम्ही आम्हाला द्यायला पाहिजे." लुसिंदाबाई म्हणायच्या, "तू रोज सुया टोचतेस लोकांना, आज जिभेची सुई मला टोचलीस. खा एक, आणि गप्प बस." एबेर्तो मध्येच म्हणायचा, "गप्प बसण्याचे दर वेगळे आहेत, बाई. एका मांदोकेत होणार नाही."

हा एबेर्तो सगळ्यांत आधी गेला. लीमाला. तिकडे लहान मिनीबस असतात आणि दाराला लोंबकळत एक माणूस ओरडत असतो, माझ्यासारखाच. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, आपल्या जातीचं कुणीतरी तिकडेही आहे. भाडं ठरलेलं नाही म्हणे. कुठून कुठे, गर्दी किती, आणि तुमचा चेहरा कसा यावर ठरतं. तर पहिल्याच दिवशी एबेर्तो मागच्या बाकावर बसला. "शुभ सकाळ" म्हणाला. कुणी काही बोललं नाही. त्याने खिशातून नाणं काढलं आणि पुढच्या माणसाच्या खांद्यावर टिचकी मारून ते त्याच्या हातात दिलं. पुढे सरकव म्हणून. आपण सगळे तेच करणार. त्या माणसाने नाण्याकडे बघितलं, एबेर्तोकडे बघितलं, "देव भलं करो" म्हणाला आणि नाणं खिशात टाकलं.

मग दारातला आला. "भाडं, भाडं!"

एबेर्तो म्हणाला, "दिलं की. पुढे गेलं."

"कुठे पुढे गेलं?"

"यांच्याकडे दिलं."

तो गृहस्थ उतरूनसुद्धा गेला होता. दारातला म्हणाला, "दानधर्म नंतर करा, मामा. आधी भाडं द्या." सगळी गाडी हसली. एबेर्तोने दुसऱ्यांदा पैसे दिले. निरोपात म्हणाला, "काका, गंमत सांगू का? त्या माणसाचा मला राग नाही आला. त्याला खरंच वाटलं असेल, की मी दिले. इथे माणूस दुसऱ्याच्या हातात पैसा ठेवतो तो एवढ्याच कारणाने." आता एबेर्तो नाणं मुठीत घट्ट धरून बसतो. निरोपही पाठवत नाही. तिकडे शिवणाच्या मशीनवर वाकून वाकून त्याची मान गेली आहे असं कुणीतरी सांगितलं. खरं-खोटं कोण जाणे.

वाऱ्याने मेणबत्ती विझेल, जरा आडोसा करा. हां. मी कुठे होतो?

नेइरा. नेइरा सान्तियागोला गेली. तिथे गाडी जमिनीखालून जाते आणि भाडं घड्याळावर बदलतं. सकाळी गर्दीच्या वेळी जास्त, गर्दी ओसरली की कमी. तीच गाडी, तेवढंच अंतर! मी म्हटलं, हे काय? गर्दीत तर उभं राहावं लागतं, मग भाडं कमी पाहिजे ना? नेइरा म्हणाली, "काका, तुम्ही इकडे येऊन मंत्री व्हा." ती पहिले काही महिने फाटकाबाहेर भिंतीला टेकून घड्याळाचा काटा सरकायची वाट बघायची, थोडे पैसे वाचतात म्हणून. तिच्यासारखे बरेच उभे असायचे. बोलण्याच्या ढंगावरून आपलेच. एकमेकांकडे बघायचे नाहीत म्हणे.

पण मी ज्याने बेचैन झालो ते वेगळंच होतं. ती म्हणाली, "काका, दुपारच्या वेळी डब्यात मी आणि एक कुत्रं घेऊन बसलेली आंधळी बाई, एवढेच. आणि गाडी निघाली."

मी म्हटलं, निघाली? रिकामी?

"रिकामी. वेळ झाली की दार आपोआप लागतं आणि निघते. कुणी असो की नसो."

मी सकाळी स्टँडवर अदेल्मोला हे सांगितलं. आम्ही दोघं किती वेळ त्यावर बोललो! मी म्हटलं, रिकाम्या सीटचं भाडं कोण देतं? अदेल्मो म्हणाला, "सरकार देत असेल." मी म्हटलं, सरकार कशाला देईल? न बसलेल्या माणसाचं भाडं कुणी देतं का? तो म्हणाला, "श्रीमंत लोक आहेत, भावा. त्यांच्याकडे माणसाची वाट बघायला वेळ नाही." आता याला स्वस्त म्हणायचं की महाग? नेइरा इथे नर्स होती तेव्हा तिचा महिन्याचा पगार पहिल्या आठवड्याच्या गाडीभाड्यात संपायचा. पुढचे तीन आठवडे ती कामावर जाण्यासाठी कर्ज काढायची. तिकडे तसं नाही. तिकडे दिवसभराच्या कमाईतला लहानसा तुकडा भाड्याला जातो. म्हणजे आमच्या गाडीचं भाडं सगळ्या देशांहून कमी आणि तरी कुणालाच परवडत नाही. हा हिशेब मला कुणी समजावून दिलेला नाही. मास्तर असते तर त्यांना विचारलं असतं.

त्याच निरोपात शेवटी नेइरा म्हणाली, "आणि दियानोरा, ते तुला जे म्हटलं होतं..." तेवढ्यात नेटवर्क गेलं. दियानोरा म्हणाली, गेलं. हल्ली फार जातं.

तर नेइरा जाण्याआधीची गोष्ट सांगतो, ती अदेल्मोच्या सत्काराची आहे. एबेर्तो गेला, मास्तर गेले. लुसिंदाबाई तर गेल्याच, त्यांना तापाच्या दिवसांत औषध मिळालं नाही. सकाळच्या गाडीत नेइरा एकटी उरली. मी ओरडायचो, कुणी यायचं नाही. शेवटी कसेबसे चार व्हायचे आणि नेइरा घड्याळ बघून रडकुंडीला यायची, वॉर्डात रात्रपाळीची बाई तिच्यासाठी ताटकळत असायची. एक दिवस मी दार उघडलं आणि स्वतःच आत बसलो. अदेल्मो आरशातून बघायला लागला.

"काका, तुम्ही कुठे?"

मी म्हटलं, बाजार.

"बाजारात काय काम?"

मी म्हटलं, तू ड्रायव्हर आहेस की पोलीस? पाच झाले, काढ गाडी.

तेव्हापासून मी रोज जायचो. बाजारापर्यंत जायचं, उतरायचं, उन्हात जरा उभं राहायचं, परतीच्या गाडीला हाक द्यायची आणि तिच्यातून परत यायचं. अदेल्मोने माझ्याकडून भाडं घेतलं नाही. पण बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून मी रिकामी मूठ पुढे सरकवायचो आणि तो रिकामी मूठ घ्यायचा. वर म्हणायचा, "सुटे आहेत का, काका?" असा हा माणूस. पाच जणांत मिळून एकच डॉलरची नोट असायची, तीही कोपऱ्याला फाटलेली. फाटकी नोट या शहरात कुणी हातात धरत नाही. हा घ्यायचा. पंपावर ती परत फेकायचे. बायकोची बोलणी खायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचा. त्याला मी एकदा म्हटलं, तू मूर्ख आहेस. म्हणाला, "मग फाटक्या नोटेच्या माणसाने चालत जायचं का?"

टाळ्या वाजवा की. यासाठी नाही वाजवायच्या तर कशासाठी?

आता उद्याचं बोलतो. सगळ्यांना माहीत आहे, तरी बोललेलं बरं. उद्या सकाळी अदेल्मो गाडी घेऊन सरहद्दीवर जाणार, पारागुआचोनला. पलीकडे गाडी सुट्या भागांसाठी विकणार आणि त्या पैशात पुढची बसची तिकिटं काढणार. आपल्या लाइनची ती शेवटची फेरी, आणि ती परतीची नाही. अदेल्मोची बायको, तिची बहीण आणि मागच्या गल्लीतले ते नवराबायको, अशा चार सीट ठरल्या आहेत. पाचवी मोकळी आहे. अदेल्मो म्हणतो, पाच झाल्याशिवाय पेट्रोलचं गणित बसत नाही, निघणार नाही. आठवडाभर ज्याला त्याला विचारून झालं. ज्यांना जायचं होतं ते गेले, आणि जे उरले त्यांच्या पायांत बळ नाही.

आठवडाभर तुम्ही सगळे माझ्याकडे बघता आहात, हे मला कळत नाही का? पावाच्या रांगेत बघता, चर्चमध्ये बघता. फादर, तुम्हीसुद्धा परवा प्रवचनात, लोकांना देशाबाहेर घेऊन निघालेल्या मोशेचं नाव घेताना माझ्याकडे बघितलंत. "काका, रोज फुकट पाचवे होता, एकदा खरे व्हा," असं या अदेल्मोने मला तोंडावर म्हटलं. मी जाणार नाही. कारण विचारू नका, मला मांडता येत नाही. मी तिकडे काय करू? जिथे गाडी कुणासाठी थांबत नाही तिथे हाक देणाऱ्याने काय करायचं? भिंतीला टेकून घड्याळ बघू? मला रक्तदाबाच्या गोळ्या लागतात. मला अनोळखी पाणी सोसत नाही. शिवाय माझ्या बायकोची, एग्लाची कबर आहे, शनिवारी तिथे पाणी घालतो. आणि इथे मी एकटा नाही, दियानोरा आहे. तिने कधी जाण्याचं नाव काढलेलं नाही. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसतो, ती फोनवरून निरोप लावते, मी ऐकतो. तेवढं पुरतं.

खरं सांगतो, आठवडाभर मी स्टँडवर उभा राहिलो तो बारीक आवाजात ओरडलो. पाचवा मिळाला नाही तर गाडी एखादा दिवस आणखी राहील, एवढाच माझा लोभ. काही बदलणार नाही हे कळतं. एक दिवस तरी.

काय म्हणालात, सेन्योरा मारित्सा? हो, हो. विसरलो नाही. आटोपतंच घेतो.

फादर, आमच्या लाइनची एक रीत आहे. ड्रायव्हर गाडी सोडतो त्या दिवशी हाक देणारा त्याच्या गाडीची शेवटची हाक देतो आणि जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "भरली!" म्हणजे तुझी गाडी कधी रिकामी जाऊ नये, असा आशीर्वाद. एवढं केलं की मी बसतो. अदेल्मो, उभा राहा. टोपी काढ. नाही, राहू दे, तुझ्या टकलावर मेणबत्ती चमकेल.

बाजार म्हणू की सरहद्द? अध्यक्ष म्हणतात सरहद्द म्हणा. जोरात म्हणा म्हणतात, खऱ्यासारखं. ठीक आहे.

पारागुआचोन! पारागुआचोन! एकच सीट! बसा, निघाली! पारागुआचोन, एकच सीट!

म्हणा की. "भरली" म्हणायचं.

कोण? मागून कोण बोललं? "एक" म्हणालं कुणीतरी. ती मेणबत्ती वर धरा जरा. स्टँडवर माणूस असंच बोट वर करतो आणि "एक" म्हणतो, पण ही रीत आहे, बाबांनो, हे खरं बोलावणं नाही...

दियानोरा.

बोट खाली कर, पोरी. बस. लोक हसतील. ही नुसती रीत आहे.

काय म्हणतेस? मोठ्याने बोल, इथवर ऐकू येत नाही. रीत आहे हे माहीत आहे म्हणतेस. मग? "बाबा, एक सीट." असं म्हणते आहे. नेइराने तिच्यासाठी काम बघितलं आहे. एका म्हातारीला सांभाळायचं. मागचे कितीतरी दिवस... घरात सांगायला तोंड उघडत नव्हतं म्हणते. बॅग भरलेली आहे. सेन्योरा मारित्सांच्या घरी ठेवली आहे.

तुमच्या घरी? म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तरी मला म्हणालात, जोरात म्हणा.

नाही, नाही. मी रागावलो नाही. जरा पाणी द्या.



मंडळी, आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. माणसाला कुठे जायचं ते विचारायचं. का जायचं ते विचारायचं नाही. मी विचारलं नाही. एबेर्तो बॅग घेऊन आला, मी दार उघडलं. मास्तर आले, त्यांच्या पुस्तकांचा खोका मी मांडीवर धरून अड्ड्यापर्यंत गेलो. नेइरा रडत होती, मी म्हटलं, बसा, निघाली. कुणाच्या आईने, कुणाच्या बापाने माझा हात धरला असेल, काका, आज तिला नका बसवू, तरी मी म्हटलं, सेन्योरा, वाट सोडा, गाडीला उशीर होतो आहे. एवढ्या लोकांच्या पोरांना मी बसवलं. आता कुठल्या तोंडाने म्हणू, की ही सीट नाही?

आणि तिचं काय चुकलं? चाळिशी उलटली तिची. ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या प्रवासाच्या गोष्टी मला लावून देत होती. मी ऐकत होतो. ती काय ऐकत होती ते मी बघितलंच नाही.

सीट आहे, पोरी. एकच होती. तुझी.

आता म्हणा सगळे. माझ्याबरोबर म्हणा, माझा आवाज फाटेल. भरली.

टाळ्या नकोत. मगाशी अदेल्मोला वाजवल्यात तेवढ्या पुरे. अदेल्मो, ऐक, हिला मागे मध्ये बसवू नकोस, हिला लहानपणापासून गाडी लागते. खिडकी दे. तुझी मेव्हणी कुरकुर करेल, करू दे. चौकीवर कुणी उतरवलं तर एकत्र उतरा. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, आणि मागचा उजवा टायर आज बघून घे, उद्या नाही, आज. मी येतो तुझ्याबरोबर बघायला. आणि सकाळी दार मी उघडणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

हॉल दिल्याबद्दल फादर ओविदियोंचे आभार. केळी तळणाऱ्या बायकांचे आभार, तेल कुठून आणलंत ते विचारत नाही. अध्यक्षांचे आभार. सेन्योरा, खरंच, आभार. तुम्ही नसता तर ती बोललीच नसती आणि मी तिला जन्मभर विचारलं नसतं. सत्कारमूर्तीबद्दल बोलायला उभा राहिलो आणि घरचंच काढून बसलो. मास्तर असते तर असं झालं नसतं. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर अडाणी माणूस समजून सोडून द्या. अंधार आहे, उतरताना पायरी सांभाळा.

दियानोरा, फोन तू घेऊन जाशील. घेऊन जा, मला तो उघडता येत नाही. निरोप सेन्योरा मारित्सांच्या फोनवर पाठव. मी रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन विचारेन, त्या कंटाळल्या तरी विचारेन. तिकडचं भाडं किती, गाडी कशी, हे काही सांगितलं नाहीस तरी चालेल. बसायला जागा मिळाली का, एवढं कळव. लवकर कळव.